काचेवरचे बोट

अमडापूरच्या सरस्वतीबाईंच्या घरात त्यांच्या अनुमतीवाचून आजवर काही हललेले नव्हते. पाट हलत नसे, पाहुणा हलत नसे. एकदा तर बस निघून गेलेली डोळ्यांनी दिसत असतानाही जावई चहा येईपर्यंत खुर्चीवरून हलले नव्हते. त्यामुळे भाद्रपदातल्या त्या रविवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण कोणी हात लावलेला नसताना जागचा उठला आणि सावकाश, काही आठवत असल्यासारखा, खाली उतरू लागला, तेव्हा सरस्वतीबाईंना भीती वाटली नाही. राग आला.

"थांब," त्या म्हणाल्या.

बाण थांबला.

हेच पुढे त्यांना फार जड गेले. थांबला नसता, तर यंत्र बिघडले एवढे म्हणून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण तो थांबला, क्षणभर ऐकून घेतल्यासारखा उभा राहिला, आणि मग पुन्हा निघून चौथ्या पानाच्या मधोमध एका ओळीवर जाऊन बसला. ओळ निळी झाली. सरस्वतीबाईंनी ती वाचली नाही. वाचण्याची गरज नव्हती. ती त्यांनीच लिहिली होती, आणि त्या अकरा पानांत तेवढीच एक ओळ खोटी होती.

ही अकरा पाने म्हणजे घराण्याचा महालक्ष्म्यांचा कुळाचार. शहात्तराव्या वर्षी सरस्वतीबाईंनी ठरवले होते की या वर्षीपासून महालक्ष्म्यांचा कारभार सून सारिका हिच्याकडे सोपवायचा. आणि कारभार तोंडी सोपवला तर तो तोंडीच राहतो, म्हणून सर्व काही लिहून द्यायचे. आंबिलीला ज्वारी किती, सोळा भाज्यांत कोणती आधी, फुलोरा कोणत्या दोरीने बांधायचा. शनिवारी आवाहन. शुक्रवारी चिखलीहून छापून आणायचे आणि शनिवारी भाऊबंदांच्या नऊ घरांत एकेक प्रत द्यायची, म्हणजे पुढची शंभर वर्षे कोणी वाद घालणार नाही. मुलगा ज्ञानेश्वर नोकरीनिमित्त नागपूरला असे. त्याचा नऊ वर्षांचा जुना लॅपटॉप त्यांनी मागून घेतला होता. त्याच्या पडद्याला बोट लावले तरी तो काम करी, ही गोष्ट सरस्वतीबाईंना मुळीच पसंत नव्हती. काच ही पाहण्याची वस्तू आहे, चिवडण्याची नव्हे. तरुणपणी त्या टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या आणि अकराही पाने त्यांनी कोणाची मदत न घेता टंकली होती.

ती ओळ अशी होती: 'त्या वर्षी धाकट्या सुनेच्या हातून कनिष्ठेचा मुखवटा फुटला, सबब मुखवट्यांना धाकट्या घराचा हात लागू नये.'

खरे काय ते असे. चाळीस वर्षांपूर्वी, आवाहनाच्या आदल्या दुपारी, कोठीतून मुखवटे काढताना शाडूची कनिष्ठा सरस्वतीबाईंच्याच हातून निसटली आणि तिचे नाक उडाले. त्यांनी ती फडक्यात बांधून परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फडके सोडायला सांगितले ते पुष्पाबाईंना, म्हणजे धाकट्या जावेला, जिच्या लग्नाला अवघे तीन महिने झाले होते. सासूबाईंनी नाक नसलेल्या देवीकडे पाहिले आणि मग पुष्पाबाईंकडे पाहिले. सरस्वतीबाई पुरण वाटत होत्या. त्या पुरण वाटत राहिल्या. त्यांनी कोणावर आळ घेतला नाही, हे येथे न्यायाने नोंदवले पाहिजे. फक्त बोलायचे राहून गेले. आणि एकदा राहून गेलेले चाळीस वर्षे राहिले. पुष्पाबाई पुढे वडनेर भोलजीला वेगळ्या झाल्या. लग्नकार्याला येत, तेराव्याला येत. महालक्ष्म्यांना कधी आल्या नाहीत.

सायंकाळी सारिकाने लॅपटॉप पाहिला. चिखलीच्या शाळेत ती विज्ञान शिकवी. त्यामुळे अडचण आल्यावर आजचे सगळे शिकलेले लोक जे करतात तेच तिने केले. बंद करून पुन्हा चालू केला.

"आई, माऊस खराब झाला असेल. जुना आहे."

सोमवारी नवा माऊस आला. बाण दुपारी सव्वातीनला उठला आणि त्याच ओळीवर जाऊन बसला. मंगळवारी सारिकाने शाळेत जाण्यापूर्वी माऊस काढूनच टाकला, कळफलकाखालची टचपॅडची पट्टी बंद केली आणि वर एक पोस्टकार्ड चिकटवले. "आता बाणाला हलवणारं काही उरलंच नाही," ती म्हणाली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने अशी वाक्ये बोलू नयेत. सव्वातीन वाजता, हलवणारे काहीही उरलेले नसताना, बाण हलला. घर रिकामे होते. पंख्याचा आवाज, दूर कुठे पिठाच्या गिरणीचा आवाज, आणि पडद्यावर ते सावकाश उतरणे. ओळीवर पोचल्यावर बाण एका शब्दावर टेकला, उचलला गेला, पुढच्या शब्दावर टेकला, पुन्हा उचलला गेला.

त्याच वेळी शेजारची वंदना कढीपत्ता मागायला आली होती. ती दारातच उभी राहिली.

"काकू, कोण चालवून राह्यलं हे?"

"कोणी नाही. बिघडले आहे."

वंदना जवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. "काकू, रागावू नका. पण तुमच्या सासूबाई डाळ निवडत होत्या नं, तसंच हाय हे. एक दाणा टिपला, पाह्यला, सोडला. दुसरा टिपला. मी नवी नवरी असताना ओट्यावरून पाहायची."

"सासूबाईंना जाऊन वीस वर्षे झाली."

"तेच तं म्हणून राह्यली मी," वंदना म्हणाली, आणि कढीपत्ता न घेताच गेली. पाच मिनिटांनी तिने भिंतीवरून लिंबू-मिरची पाठवली. सरस्वतीबाईंनी ती लॅपटॉपला बांधली नाही. तत्त्व म्हणून बांधली नाही. स्वयंपाकघरात नेली, आणि रात्रीच्या वरणात ते लिंबू पिळण्याचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

बातमी गावात गेली. गावात बातमी गेली की सल्ला परत येतो. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले पुंजाजी टेस्टर खिशाला लावूनच आले. त्यांनी तो लॅपटॉपच्या कडेला टेकवला. आतला दिवा काजव्याइतका लागला.

"वहिनी, भूतबीत काही नाही. अर्थिंग नाही तुमच्या घराले. करंट इकडंतिकडं फिरून राह्यला, म्हणून बाण फिरते. ऑफिसात अर्ज द्या."

हे उत्तर सरस्वतीबाईंना अतिशय आवडले. करंट हा कोणाचा नातेवाईक नसतो. बुधवारी सकाळी इस्त्रीचे पातळ नेसून त्या स्वतः वीज कार्यालयात गेल्या. तिथल्या बाबूंनी नम्रपणे अर्ज घेतला, नम्रपणे संगणकात पाहिले आणि नम्रपणे परत केला.

"मीटर तुमच्या नावावर नाही."

"सासूबाईंच्या नावावर आहे."

"मग त्यांची सही लागेल. किंवा त्यांना घेऊन या."

"त्या वारल्या."

"अरेरे. मग आधी नाव बदलून घ्या. हा फॉर्म. याच्यावर मूळ ग्राहकाची संमती लागते."

सरस्वतीबाईंनी चष्मा काढला. हा चष्मा त्यांनी काढला की पूर्वी भाऊबंद गप्प होत. "मृत व्यक्तीची संमती कशी मिळवतात?"

"ते तुम्ही पाहा," बाबू म्हणाले. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी परत येताना त्यांच्या मनात एक विचार आला, जो त्यांच्यासारख्या शिस्तीच्या बाईच्या मनात यायला नको होता: मूळ ग्राहकाचे म्हणणे रोज दुपारी सव्वातीनला घरपोच येतच आहे.

बुधवारीच दुपारी दोन वाजता दुरुस्तीच्या कामासाठी गावाची वीज गेली. पंखा थांबला. गिरणी थांबली. सरस्वतीबाईंनी भिंतीतून चार्जरची वायर उपटली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसमोर त्या पाहुण्याची वाट पाहावी तशा बसल्या. आज करंट नाही. आज काही होणार नाही. अंगणात ढगांची सावली आली, गेली. घड्याळाचा काटा सव्वातीनवर आला.

बाण आला.

या वेळी त्याने टिपले-सोडले नाही. सरळ ओळीवर आला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओळ निळी करून तिथेच दाबून राहिला, जणू कोणी बोट ठेवून म्हणत होते, हे वाच. सरस्वतीबाईंचा तोल गेला. त्यांनी एक कळ दाबली, कोणती ते त्यांनाही आठवेना, आणि ती संपूर्ण ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी फक्त एक 'अ' उरला.

शांत घरात, वीज नसलेल्या घरात, त्यांनी त्या 'अ'कडे पुष्कळ वेळ पाहिले. मग मागे घेण्याची कळ दाबून ओळ परत आणली. ओळ परत येताना त्यांना बरे वाटले नाही.

गुरुवारी बसस्टँडजवळच्या दुकानातून कय्यूम आला. वीस वर्षे अमडापूरचे टीव्ही आणि दहा वर्षे अमडापूरचे मोबाईल दुरुस्त केलेला माणूस. स्क्रू तोंडात धरून बोलायची सवय. त्याने पोस्टकार्ड काढले, माऊस लावला आणि सव्वातीनची वाट पाहिली. बाण निघाला तेव्हा तो पडद्याच्या अगदी जवळ वाकला.

"काकू, माऊस बेगुनाह आहे," त्याने निकाल दिला. "हे पाहा. बाण हालायच्या आधी एक पांढरा ठिपका उमटते. दिसला? मंग बाण तिथं उडी मारते. हा माऊसचा मामलाच नाही. टचचा आहे. काचेले वाटून राह्यलं का तिच्यावर कोणाचं तरी बोट हाय."

"कोणाचे?"

"काचेले तेवढी समज नसते. बोट हाय, एवढंच समजते."

त्याने पडद्याच्या कडेची पट्टी प्लास्टिकच्या चकतीने उचकटली आणि चिमट्याने आतून काहीतरी काढून तळहातावर धरले. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल, दमट हवेने फुगलेला.

"मशीनची पूजा केली होती का, काकू?"

सरस्वतीबाईंनी मान ताठ केली. "या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची होते. ट्रॅक्टरची झाली, पाण्याच्या मोटारीची झाली. याची का नको?"

"नको म्हणून नाही राह्यलो. पण ट्रॅक्टरले टच स्क्रीन नसते. अक्षता फटीत गेली, फुगली, काचेले दाबून राह्यली." तो हसला. सरस्वतीबाईही, अपमान गिळून, हसल्या. पाच दिवसांनी त्यांनी पहिला पूर्ण श्वास घेतला. ना सासूबाई, ना मूळ ग्राहक. एक अक्षता, तीही त्यांच्याच हातची. अशा गुन्ह्याची कबुली द्यायला त्यांची मुळीच हरकत नव्हती.

कय्यूमने काच पुसली, पट्टी बसवली, लॅपटॉप चालू केला, चौथे पान उघडले आणि दोन्ही हात मागे घेतले.

पांढरा ठिपका उमटला. पडद्याच्या मधोमध, त्याच ओळीवर.

कय्यूम हसायचा थांबला. त्याने काच पुन्हा पुसली. ठिपका पुसला गेला नाही. फडके निघाले की होता तिथेच. "काकू, हात वर करा बरं." दोघांनीही हात वर केले. भरदुपारी, आपल्याच बैठकीत, अमडापूरच्या सरस्वतीबाई एका मेकॅनिकसमोर दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, आणि पडद्यावर 'धाकट्या सुनेच्या' या शब्दांवर कोणीतरी बोट दाबून धरले होते.

"दाणा तं कोपऱ्यात होता," कय्यूम हळूच म्हणाला. "इथं मधात काहीच नाही." मग ओठांतल्या ओठांत त्याने अल्लाचे नाव घेतले. "काय करू? टच बंदच करून टाकू?"

"कर."

त्याने यंत्राच्या आत कुठेतरी जाऊन एक खूण काढली. ठिपका विझला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"आता बोट असो का नसो, मशीनले समजणार नाही," तो म्हणाला. तो चहा न घेता गेला. त्या घरातून चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस.

सरस्वतीबाई लॅपटॉपसमोर बसल्या. बाण त्यांनी ठेवला तिथे उभा होता, आज्ञाधारक, मेल्यासारखा. आता त्यांना अडवणारे कोणी नव्हते. सारिका आली की तिच्या मोबाईलवर पाने पाठवायची, उद्या छापायला द्यायची, आणि परवापासून ती ओळ नऊ घरांतल्या नऊ देव्हाऱ्यांत शंभर वर्षे खरी राहील. पण कय्यूमचे वाक्य खोलीतून गेले नव्हते. बोट असो का नसो. म्हणजे बोट अजून तिथेच असू शकते. काचेवर, त्याच शब्दांवर, आता फक्त दिसत नाही.

त्यांनी वडनेरला फोन लावला.

"मोठ्या बाई?" पुष्पाबाईंचा आवाज घाबरला. "कोण गेलं?"

"कोणी गेले नाही."

"मंग फोन काऊन केला?"

हा प्रश्न रास्त होता. सरस्वतीबाईंनी पाठ सरळ केली. जे बोलायचे ते एका वाक्यात बोलावे आणि वाक्याला शेपूट जोडू नये, असे त्या नेहमी सुनांना सांगत. "पुष्पा, कनिष्ठेचे नाक माझ्या हातून गेले होते."

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता तो बंद झाला.

"हाव," पुष्पाबाई म्हणाल्या. "मले माहीत हाय."

"कसे?"

"मी फडकं सोडलं, तवा गाठ तुमची होती. दुहेरी, आत मुडपलेली. त्या घरात तशी गाठ दुसरं कोणीच मारत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाले बोलू? मी तुमच्याकडं पाहून राह्यली होती. म्हटलं, बोलतील. तुम्ही पुरणातून मानच वर केली नाही." मग पुष्पाबाईंनी, चाळीस वर्षांची गोष्ट बाजूला ठेवावी तशी, आवाज बदलला. "जाऊ द्या. आज फोन तरी धरता येऊन राह्यला, हेच नशीब. रविवारपासून ह्या उजव्या बोटाले काय झालं देव जाणे. दुपारी जरा पडलं का तीन-सव्वातीनले मुंग्या सुरू. थंडगार. जसं काही कोणी बोट धरून काचेवर टेकवून ठेवलंय. डॉक्टर म्हणते, वय झालं."

वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला सरस्वतीबाईंनी तीन दिवस उगाच दोष दिला होता.

"आता कसे आहे?" त्यांनी विचारले.

"आत्ता थांबलं. चार वाजून गेल्यावर. एकदम थांबलं हो, कोणी बटन बंद केल्यावानी."

सरस्वतीबाईंनी पडद्याकडे पाहिले. बाण हलला नाही. मग आयुष्यात कोणालाही न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

"पुष्पा, ती ओळ पुन्हा लिहायची आहे. तू सांग. मी लिहिते."

"मी काय सांगू? मी का शिकलेली हाय?" पुष्पाबाई घुटमळल्या. "लिहा... कनिष्ठेचा मुखवटा फुटला. कोणाच्या हातून, ते तिचं तिले माहीत. बस."

"चालणार नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा जुना आवाज त्यांना सापडला. "या कुळाचारात मोघम काही नाही. आंबिलीला ज्वारी किती ते लिहिले आहे. मग हात कोणाचा ते लिहिलेच पाहिजे." त्यांनी ओळ पुसली आणि मोठ्याने वाचत नवी टंकली. "'कनिष्ठेचा मुखवटा थोरली सून सरस्वती हिच्या हातून फुटला व तिने तो दोष धाकट्या जावेवर राहू दिला. मुखवट्यांना धाकट्या घराचा हात प्रथम लागावा.' पुढे?"

"पुढं काय?"

"पुढे तुझे काही असेल तर. म्हणजे... माफ केलेस, किंवा नाही."

मग पुष्पाबाई म्हणाल्या, "ते असं फोनवर नाही सांगता येत, मोठ्या बाई. शनिवारी येतो. मुखवटा हातात घेऊन पाहतो, मंग सांगतो. तवरक जागा कोरी ठेवजा."

शुक्रवारी कुळाचार चिखलीला छापायला गेला. छापणाऱ्याने चौथे पान उघडून सारिकाला विचारले, इथे एक ओळ कोरी राहिली आहे, चूक दिसते, सरकवून घेऊ का? सारिकाने घरी फोन केला.

"चूक नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या. "सरकवू नका. ती ओळ माझी नाही."